मिठाईच्या बशा आणि इमारतीचं फोल्डर

ईदला चार दिवस उरले होते आणि शुक्री मास्तर संगणकासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, चौकीत बोलावल्यासारखे.

स्फाक्स शहरातल्या त्यांच्या इमारतीत ईदच्या आधी आठही घरांतून मिठाईच्या बशा फिरतात. बशी रिकामी परत करायची नसते. कोणाच्या बशीत काय आलं, हे मास्तरांची बायको दलंदा वीस वर्षं वहीत लिहीत आली होती, शेऱ्यांसकट. 'खदूजा: बकलावा. दात सांभाळा.' वहीची पानं सुटू लागली, तेव्हा ती संगणकात उतरवायचं मास्तरांनी कबूल केलं. त्यासाठी टिपणं ठेवायचं ॲप बसवायचं होतं. यंत्रावर लिनक्स नावाची प्रणाली होती, भाच्याने घालून दिलेली. तो भाचा, नाझिह, परदेशातून, लियाँहून, फोनवर होता.

मास्तरांनी त्याने सांगितलेली ओळ टाइप केली. पासवर्ड दिला, तर पडद्यावर एक ठिपकाही उमटला नाही. मग उत्तर आलं: या खात्याला परवानगी नाही. ही घटना कळवली जाईल.

मास्तरांनी हात कळफलकावरून उचलले. तीस वर्षं सरकारी शाळेत भूगोल शिकवताना वारा कुठून येतो एवढंच त्यांनी सांगितलं होतं. कुठे चाललाय यावर कधी मत दिलं नव्हतं, ते याच वाक्याच्या धाकाने.

"कोणाला कळवणार?"

"कोणाला नाही हो मामा. यंत्र आपल्यापाशीच लिहून ठेवतं."

"आम्हालाही हुकूमशाहीत असंच सांगायचे," मास्तर म्हणाले.

नाझिहने दुसऱ्या खात्यातून आत नेलं. त्यानंतर यंत्राने जे विचारलं त्याला मास्तर 'हो' म्हणत गेले. ॲप बसलं. टिपणं कुठे ठेवू, असं त्याने विचारलं, तेव्हा आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही हे दिसावं म्हणून त्यांनी सगळ्यांत सरकारी वाटणारं फोल्डर निवडलं: 'इमारत'. ते इमारतीचे सचिव; पाण्याच्या वेळा, लिफ्टची दुरुस्ती, सगळं त्यातच असे.

दोन दिवस बसून वही उतरवली. शेवटची ओळ संपली आणि त्यांना आठवलं, की हे फोल्डर आठही घरांच्या फोनवर उघडतं. दलंदाला कळलं तर ईदच काय, पुढचा रमजानही घरात धड जायचा नाही.

तेवढ्यात घंटा वाजली. दारात खदूजा, हातात बशी. मास्तरांनी मनात अल्लाचं नाव घेतलं.

"बकलावा आहे, मास्तर," ती म्हणाली. "दातांना काही व्हायचं नाही."

संध्याकाळपर्यंत सातही बशा आल्या. प्रत्येक बशीत ताजे पिस्ते, ताजं तूप. आणि प्रत्येक जण जाताना, बाकीच्यांबद्दलचे शेरे किती खरे आहेत, हे मास्तरांच्या कानात सांगून गेला.

रोजा सुटल्यावर दलंदाने एकेक तुकडा चाखला. "यंदा सगळ्यांच्याच हाताला चव आलीय," ती म्हणाली. "उघडा ते तुमचं यंत्र. हे लिहायलाच हवं."

मास्तरांनी ॲप उघडलं. शेवटी एक ओळ होती, त्यांनी न लिहिलेली. 'दलंदा: मकरूद. आतला खजूर शोधावा लागतो.' खाली बाकीच्या सहा घरांनी 'खरंय' म्हटलं होतं.

चष्मा शोधत दलंदा येतच होती. मास्तरांनी तार उपटली.

"काय झालं हो?"

"परवानगी नाही," मास्तर म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून किती बरं वाटतं, हे त्यांना पासष्टाव्या वर्षी कळलं.