अर्जाशी न जुळणारं रक्त

नाशिकमधल्या एका औषधशास्त्र महाविद्यालयात डॉ. अपूर्वा यांचा संशोधन प्रकल्प मंजूर झाला. रक्तातली प्रथिने ॲस्पिरिन किती वेगाने मोडतात आणि दारूमुळे त्या वेगात फरक पडतो का, हे तपासायचे होते. त्यासाठी वीस पिणारे आणि वीस न पिणारे स्वयंसेवक हवे होते. न पिणाऱ्यांची रांग थेट गंगापूर रोडवर आली. पिणाऱ्यांच्या टेबलावर एकच अर्ज आला, मालिनीताईंचा.

मालिनीताई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेत आणि रविवारी दुपारी जेवताना अर्धा पेला वाइन. म्हणून 'मद्यपान करता का?' या प्रश्नापुढे त्यांनी 'हो' लिहिले.

"आई, तिथे 'नाही' लिहायचं असतं गं," मुलगा मयुरेश कळवळला. "सगळे तेच लिहितात."

"मग विचारतात कशाला?"

सोमवारी सकाळी सर्वांचे रक्त घेतले. न पिणाऱ्या वीसपैकी सतरा जणांच्या रक्तात दारू निघाली. मालिनीताईंच्या रक्तात थेंबही नव्हता. अपूर्वा अहवाल घेऊन महाविद्यालयाच्या संशोधन समितीचे अध्यक्ष गंगाधरराव यांच्याकडे गेल्या.

"सर, गट बदलावे लागतील."

"आपण पीत नाही असं सतरा जणांनी सही करून दिलंय. रक्तावर कुणाची सही आहे?"

"नाही, सर."

"मग मशीन बिघडलंय."

मशीनवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लागली. मालिनीताईंच्या बाबतीत मात्र मशीनचा निकाल ग्राह्य धरून नोटीस काढण्यात आली : 'आपले रक्त आपल्या अर्जाशी जुळत नाही. खोट्या माहितीबद्दल खुलासा करावा, अथवा समितीसमक्ष मद्य घेऊन रक्त अर्जाशी सुसंगत करावे.'

आपल्याला कुणी खोटारडी म्हणावं, हे मालिनीताईंना सहन होईना. त्या बाटली घेऊन हजर झाल्या.

"ही दारूच आहे, हे आधी प्रमाणित व्हायला हवं," गंगाधरराव म्हणाले.

समितीचे पाचही सदस्य कागदोपत्री न पिणारे. पहिल्याने एका घोटात मत देणे अशास्त्रीय ठरवले. तिसऱ्याने तुलनेसाठी दुसरी बाटली मागवली. दुपारी एकमताने ठराव झाला की ती दारूच होती. मालिनीताईंचा पेला कोरडाच राहिला, आणि रक्तही पुन्हा स्वच्छ निघाले.

अहवालात नोंदले गेले : 'पिणाऱ्या गटात दारू आढळली नाही. न पिणाऱ्या गटात ती असू शकत नाही. सबब दारूचा औषधावर परिणाम होत नाही.' अपूर्वांनी सही नाकारली. त्यांना वसतिगृहाच्या मेसवर देखरेखीला पाठवण्यात आले.

महिन्याभराने मालिनीताई हृदयाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारले, "दारू?"

शेजारी बसलेल्या मयुरेशने आईकडे पाहिले. मालिनीताईंना ती नोटीस आठवली.

"नाही," त्या म्हणाल्या.

"छान," म्हणत डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. आता मालिनीताईंच्याही गोळीचं माप अगदी अचूक ठरतं. तुमच्याआमच्या गोळीचं ठरतं, तसंच.