निष्क्रिय खातेदार आणि दोन कानांचे कार्ड

बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्या दिवशी एका कंपनीने त्यांना कळवले की ते निष्क्रिय आहेत.

पत्र त्यांच्या नावाने पण माझ्या मोबाइलवर आले, कारण खाते उघडताना 'अडचणीच्या वेळी संपर्क' या रकान्यात त्यांनी माझा नंबर दिला होता. 'प्रिय खातेदार, गेले साठ दिवस आपण आपल्या साठवणीकडे फिरकला नाहीत. आम्हाला आपली काळजी वाटते. येत्या तीस दिवसांत आपल्या विश्वासू उपकरणावरून प्रवेश न केल्यास आपली साठवण कायमची पुसण्यात येईल.' कंपनीची मोजणी बरोबर होती. शेवटचे वीस दिवस ते रुग्णालयात होते आणि तिथेही, कंपनीच्या दृष्टीने, नुसते पडून होते.

मी पत्र आईला वाचून दाखवले.

"निष्क्रिय?" आई म्हणाली. "उभ्या जन्मात कधी दुपारी आडवे झाले नाहीत ते. कोण मेला म्हणतो निष्क्रिय?"

बाबा निवृत्त अभिलेखपाल. कचेरीतले जुने कागद सांभाळायचे आणि कोणी मागितले तर ते का देता येत नाहीत हे समजावून सांगायचे, हे काम त्यांनी चौतीस वर्षे केले. निवृत्तीनंतर सांभाळायला कचेरीचे कागद उरले नाहीत, तेव्हा ते हवामान सांभाळू लागले. आईचे गुडघे गेले होते, गॅलरी तिला लांब पडे. म्हणून रोज सकाळी सातला ते गॅलरीत पाहणी करून येत आणि संगणकासमोर बसून निवेदन ध्वनिमुद्रित करत. 'आज ढग आहेत, पण कामाचे नाहीत. समोरच्यांनी गाद्या वाळत घातल्या आहेत. त्यांचा अंदाज चुकेल.' आई शेजारच्याच खोलीत असते, तिला तोंडी का सांगत नाही, असे मी एकदा विचारले होते.

"तोंडी गोष्टीला पुरावा नसतो," ते म्हणाले होते.

आई उठली की चहाबरोबर ते ऐकायची. अशी तीनशे बारा निवेदने झाली. ती संगणकात नव्हती. 'आपल्या संगणकावरील भार हलका व्हावा' म्हणून कंपनीने ती न विचारता स्वतःकडे नेऊन ठेवली होती.

"मला ती हवीत," आई म्हणाली. बाबा गेल्यापासून तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती.

मी मदतवाहिनीला फोन लावला. पंचवीस मिनिटे सनई वाजली आणि मग समाधान अधिकारी आले.

"खातेदार स्वतः बोलतील का?"

"ते वारले."

"ऐकून वाईट वाटलं. मग साधारण कधी उपलब्ध होतील?"

मी मृत्यूच्या दाखल्याबद्दल विचारले.

"दाखला जरूर द्या मॅडम. दाखला मिळाला की आम्ही त्याच दिवशी खातं बंद करून सगळं पुसतो. मृत खातेदाराची गोपनीयता आम्ही फार जपतो." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "माझं ऐकाल? तुम्ही मला काही सांगितलंच नाही, असं मी धरून चालतो. त्यांच्या संगणकावरून एकदा आत जाऊन या. तोवर त्यांना जिवंतच राहू द्या."

सरकारदरबारी बाबा सहा ठिकाणी वारले होते आणि प्रत्येक ठिकाणी त्यासाठी मला तीन-तीन प्रती द्याव्या लागल्या होत्या. त्यांना जिवंत ठेवायला कोणी एकही प्रत मागत नाही, हे ऐकून बरे वाटले.

अडचण एवढीच होती की त्यांचा संगणक तारेवर चालणारा. आणि मधल्या काळात इंटरनेटवाल्यांनी घरातला डबा बदलून नवा बसवला होता. त्याला तार खोचायची जागाच नव्हती. "तारेचा जमाना गेला," असे बसवणारा तंत्रज्ञ शिडीवर उभा राहून, तोंडात तारेचे तुकडे धरून म्हणाला होता. थोडक्यात, संगणकाला वायफाय कार्ड बसवणे भाग होते.

माझा धाकटा भाऊ या विषयातला जाणकार. त्याने व्हिडिओ पाहिले आहेत. त्याने लगेच करंगळीच्या नखाएवढे कार्ड आणले.

"एकदम लेटेस्ट आहे, ताई."

"बसेल ना?"

"बसेल म्हणजे? धावेल!"

ते धावले असते, पण बसायला जागा नव्हती. ते लॅपटॉपच्या घराण्यातले निघाले. दुकानदाराने परत घेतले नाही, कारण खोका उघडला होता. खोका उघडल्याशिवाय कार्ड बसते की नाही हे कसे कळणार, असे मी विचारले.

"म्हणूनच आम्ही म्हणतो, आधी खात्री करून घ्या," तो म्हणाला.

मग त्याने बाहेरून खोचायची चिमुकली पट्टी दिली. ती लगेच चालू झाली, पण बाबांच्या खात्याचा दरवाजा उघडेना. पडद्यावर आले, 'हे साधन काढून घेता येण्याजोगे आहे. काढून घेता येण्याजोग्या साधनाची निष्ठा गृहीत धरता येत नाही.'

तिसऱ्या खेपेस धाकट्याने सहा अँटेनांचे कार्ड आणले. काळे, तांबडे दिवे लागणारे, उलट्या पडलेल्या भुंग्यासारखे.

"सहा कशाला रे?" आईने विचारले.

"पुढच्या दहा वर्षांची सोय, आई."

"ज्यांच्यासाठी करतोयस त्यांची पुढच्या दहा वर्षांची सोय झालीय."

भुंग्यालाही बाबांच्या संगणकातली प्रणाली फार जुनी वाटली. ती नवी करता आली असती, पण मग संगणक 'नवे उपकरण' ठरणार होता, आणि नव्या उपकरणाला विश्वासू व्हायला नव्वद दिवस लागतात. आमच्याकडे आता अकरा उरले होते.

अखेर मी दुकानदाराला सगळे खरे सांगितले. तो आत गेला आणि तळाच्या खणातून एक मळकट पाकीट घेऊन आला. आत हिरवे, जुने कार्ड होते, दोन साध्या अँटेनांचे. सोबत लांब वायरीची, लोहचुंबकाच्या बुडाची तिसरी अँटेना.

"हे दोन कानांचं न्या. कोणी विचारत नाही आता याला. पण जुन्याला जुनंच ओळखतं. आणि बसलं नाही तर खोका नाहीच आहे, परत आणा."

घरी मी संगणकाच्या कॅबिनेटचे झाकण पुन्हा उघडले. एवढ्या खटपटीत आम्ही आत नीट पाहिलेच नव्हते. प्रत्येक भागावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती. 'पंखा. वर्षातून दोनदा पुसणे.' 'स्मृती. धक्का लावू नये.' आणि तळाला, एका रिकाम्या खाचेवर, 'राखीव.'

"कोणासाठी राखीव?" धाकट्याने विचारले.

"चौतीस वर्षांत त्यांनी एक तरी खण पूर्ण भरलेला तू पाहिलास का?" आई म्हणाली. "घाल तू."

कार्ड टक्कन बसले. पण पडद्यावर सिग्नलची एकच रेघ, तीही मधूनच. डबा आणि संगणक यांच्यामध्ये बाबांचे लोखंडी कपाट उभे होते, एक राखीव खण सोडून फायलींनी भरलेले. जन्मभर त्यांचे कागद माणसांना अडवत आले, आता लहरींना अडवत होते. चुंबकाची अँटेना मी कपाटाच्या माथ्यावर चिकटवली. चार रेघा आल्या. पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला होता आणि त्यावर लिहिले होते 'गोपनीय'.

तो टाकताच पडदा म्हणाला, 'संशयास्पद हालचाल. आपल्या उपकरणात बदल आढळला. आपण तेच आहात का?' खाली 'होय, मीच' आणि 'नाही'.

आईने चष्मा सारखा केला आणि 'होय, मीच' दाबले.

'कृपया आपल्या आवाजात काहीही बोला. आपला आवाज आमच्याकडील नोंदीशी पडताळण्यात येईल.'

बाबांचा आवाज मिळवण्यासाठी बाबांचा आवाज हवा होता. खाली आकडे उलटे धावत होते, एक मिनिटाचे. मी मोबाइल चाळला. त्यांचे फोटो होते. पाठमोरे, बहुतेक गॅलरीतले. आवाज कुठेच नव्हता.

"ताई," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे त्यांचा एक निरोप आहे. मी... तो ऐकलेला नाही."

तो संदेश रुग्णालयात नेण्याच्या आदल्या दिवशीचा होता. त्याने मोबाइल संगणकासमोर धरला आणि दुसरीकडे तोंड फिरवले. बाबा नेहमीच्या, प्रत घेऊन ठेवावी अशा आवाजात म्हणाले, "अरे, फोन उचल. काही काम नाही. नुसताच केला."

पडद्यावर हिरवी खूण आली. 'धन्यवाद! आपली ओळख पटली. पुन्हा सक्रिय झाल्याबद्दल अभिनंदन.'

तीनशे बारा निवेदने रांगेत उभी होती. आईने शेवटचे, रुग्णालयात जायच्या सकाळचे, लावले. 'आज आभाळ स्वच्छ आहे. छत्री नको. गॅलरीचा दरवाजा फुगला आहे, जोर लावू नये, मी आल्यावर उघडीन.' तिने ते एकदाच ऐकले आणि चहा ठेवायला उठली, गुडघे धरून. धाकट्याने मोबाइल खिशात टाकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला.

तेवढ्यात कंपनीची प्रश्नावली आली. 'आमच्या सेवेमुळे आपले जीवन सुकर झाले का?' मी बाबांच्या वतीने पाचपैकी पाच तारे दिले. जिवंत माणूस एवढे तारे देत नाही, हे नंतर लक्षात आले, पण कंपनीला संशय आला नाही. पुढची पडताळणी नव्वद दिवसांनी आहे. सगळी निवेदने उतरवून घेतली आहेत, तरी मी ती चुकवणार नाही.

आपल्याला हे सगळे अतिशयोक्त वाटत असेल, तर हरकत नाही. हसून झाले की आपला मोबाइल काढा. त्यात कोणाचा तरी न ऐकलेला निरोप असेल, 'काही काम नाही' या जातीचा, सवडीने ऐकू म्हणून ठेवलेला. आत्ता ऐकलाच पाहिजे असे नाही. फक्त जागा अडते म्हणून पुसू नका. पुढे ओळख पटवायला लागतो.