ओट्यापाशी एक माणूस

बोकारे सरांच्या घरी गेलात तर ते 'या, बसा' म्हणत नाहीत. 'थांबा न जी, तिथंच!' म्हणतात. मग एक चप्पल पायात, एक हातात, असे तुम्ही दारात उभे. सर लॅपटॉपमध्ये बघतात आणि तुमच्यामुळे किती सिग्नल अडला ते तोंडावर सांगतात.

मोहालीच्या संस्थेत आमचं कामच हे. एका टोकाकडून मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या, दुसऱ्या टोकाला किती पोचल्या ते मोजायचं आणि भिंती, फर्निचर, माणसं धरून त्याचं गणिती मॉडेल बांधायचं. आम्ही ते प्रयोगशाळेत करतो. मूळच्या नागपूरच्या सरांनी मोहालीशेजारच्या झिरकपूरमधला आपला फ्लॅटच त्यासाठी वापरायला काढला.

'माणूस म्हणजे काय जी? दोन पायांची पाण्याची टाकी. लहर आली की पिऊन टाकते.' माझ्या बायकोकडे बघत सर हे म्हणाले, तेव्हापासून तिने तिथला चहा सोडला.

सरांच्या बायको, आमच्या वहिनी, कायम स्वयंपाकघरात. म्हणून सरांनी त्यांना मॉडेलमध्येच घालून टाकलं: फ्रिज, कपाट, ओट्यापाशी एक माणूस. आकडे काय सुंदर जुळायचे! वहिनी हसायच्या. 'भाऊजी, आत्ता कुठं यांनी मला हिशेबात धरलं!'

या हिवाळ्यात वहिनी गेल्या. सकाळी पोहे फोडणीला टाकले होते, तिथेच कोसळल्या.

तेव्हापासून सरांचं मॉडेल जुळत नाही. सिग्नल मॉडेल सांगतं त्याहून चांगला येतो. संचालकांनी निर्वाणीचं सांगितलं, आठवड्यात आकडे जुळवा, नाहीतर प्रकल्प बंद. सरांकडे आता त्या प्रकल्पाशिवाय दुसरं होतं तरी काय? चूक कुठे आहे ते सगळ्या विभागाला ठाऊक होतं. सांगायला मात्र मला पुढे केलं. असल्या कामाला नेहमी मीच सापडतो.

सर टेबलाशी होते. मी धीर करून म्हटलं, 'सर, मॉडेलमधली ओट्यापाशीची एक ओळ काढली की झालं.'

'मालूम आहे.'

'मग काढा ना. पाच मिनिटांचं काम.'

त्यांनी स्क्रीनवरून नजर उचलली नाही.

'मॉडेल बरोबर आहे जी,' ते म्हणाले. 'चुकलं ते घर.'

त्या रिकाम्या ओट्याकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांना सांगितलं, नाही जुळायचं. बंद करा.