पायी चला, मोटारसायकल जिंका!

आमच्या वस्तीत आरोग्यासाठी खरं काम कुणी केलं असेल, तर ते मी! वस्तीप्रमुख पाक तुलुस, म्हणजे तुलुसराव! बाकीच्यांनी नुसता धूर केला.

संताप येतो हो! आमच्या मलांग शहरात देवाने माणसाला पाय दिलेत ते फक्त गिअर बदलायला. कोपऱ्यावरून मीठ आणायचंय? काढ मोटारसायकल. मशीद घराच्या भिंतीला लागून आहे? तरी काढ! वर आरोग्यकेंद्रात जाऊन साखर वाढली म्हणून रडायचं, आणि बाहेर येऊन गाडीवर बसल्या बसल्या तळलेली केळी चापायची!

आणि भोगतं कोण? माझी बायको, वारसिती. तिला दमा. डॉक्टरीणबाई म्हणतात, रोज चाला. चालणार कुठे? नदीकाठचा एवढा एकच सपाट रस्ता, आणि त्यावर सकाळपासून धुराचे लोट. चार पावलं टाकली की हिच्या छातीत घरघर सुरू.

म्हणून मी तडक बु सुमार्नींकडे गेलो. बु म्हणजे बाई; या आमच्या लुराह, प्रभागाच्या मुख्य अधिकारी. अर्ज पुढे ठेवला, म्हटलं, "दर रविवारी सकाळी तो नदीकाठचा रस्ता गाड्यांना बंद करा."

"आणि चालणार कोण हो, पाक?"

"अख्खी वस्ती चालेल!"

"चालवून दाखवा. मी स्वतः येते बघायला. लोक चालले, तर तिथल्या तिथे सही करते."

झालं! मी आरोग्यफेरी ठरवली. आमच्याकडे फेरी म्हटली की सोडत हवीच. बक्षीस नसेल तर कुत्रंसुद्धा येत नाही. मी म्हटलं, पहिलं बक्षीस सायकल ठेवू. समितीतला गिमान फिस्सकन हसला. "सायकलीसाठी कोण उठतंय रविवारी?" त्याने कुठूनशी देणगी मिळवली आणि पहिलं बक्षीस आणलं मोटारसायकल! पायी चालण्याचं बक्षीस मोटारसायकल! माझं डोकंच फिरलं. पण गर्दी हवी होती, म्हणून गप्प बसलो.

पण मीही काही कच्चा नाही! फेरी वस्तीच्या मैदानातून निघणार, पण सोडतीची कुपनं तिथे वाटायचीच नाहीत, असा नियम केला. नदीकाठाने पुलापर्यंत चालत जायचं, तिथे गिमानकडून कुपन घ्यायचं, अर्धा तुकडा त्याच्या डब्यात टाकायचा आणि चालत परत यायचं. सोडतीत नंबर निघाला आणि एक-दोन-तीन म्हणेपर्यंत माणूस मैदानात पुढे आला नाही, तर बाद! बघू कसे चालत नाहीत!

रविवारी बु सुमार्नी व्यासपीठावर बसल्या. मी माइकवर "निघा!" म्हटलं मात्र, आणि मैदानामागून असा आवाज उठला, असा आवाज उठला... सगळ्यांनी एकदम गाड्या सुरू केल्या होत्या!

"अरे, आरोग्यफेरी आहे! उतरा! लाज वाटत नाही?" मी माइकवर ओरडलो. कोण ऐकतंय! तासाभराचं चालणं लोकांनी चहा निवायच्या आत उरकलं. बऱ्याच वेळाने, सगळ्यात शेवटी, डबा मांडीवर घेऊन गिमान आला. तोही गाडीवरूनच!

"गिमान! चालत येईल त्यालाच कुपन दे, असं बजावलं होतं ना मी?"

"चालतच आले की, पाक! गाड्या पुलाखाली लावल्या आणि माझ्यापर्यंत चालत आले."

बु सुमार्नींनी पंख्याआड तोंड लपवलं. त्या हसत होत्या! इकडे लोकांचा गलका सुरू झाला, "सोडत काढा! ऊन होतंय!"

बाकीच्या बक्षिसांची भांडीकुंडी वाटून झाली. मग मी डब्यात हात घालून मोटारसायकलचा नंबर काढला आणि वाचला. कुणीच येईना. गिमान माझ्या कानाला लागला. "पाक, मी फाडलेलं शेवटचं कुपन हे. बु वारसितींचं."

मैदानात वारसिती नव्हती. ती चालत होती ना! अख्ख्या वस्तीत ती एकटीच खरोखर चालत होती!

"एक!" लोकांनी मोजायला सुरुवात केली. "दोन!"

"थांबा, थांबा!" मी माइकला चिकटलो. "तीन म्हणण्याआधी मला रक्तदाबाबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत..."

गिमान गाडी काढून सुसाट गेला. मी रक्तदाबावरून मिठावर आलो, मिठावरून झोपेवर. तेवढ्यात लांब वळणावर ती दिसली. हळूहळू येत होती, मध्येच थांबत होती. गिमान तिच्याजवळ थांबला, हातवारे करत होता. आणि एकटाच परत आला.

"येत नाहीत म्हणाल्या. म्हणाल्या, आज चालायचं ठरलंय ना?"

"तीऽऽन! बाद!" मैदान दणाणलं. नियम माझाच! दुसरा नंबर काढला, तो सारजोनोचा निघाला. त्याच्या घरी माणसं कमी आणि मोटारसायकली जास्त. नाचला लेकाचा!

वारसिती पोचली आणि व्यासपीठाच्या कडेला टेकून बसली. श्वासाचा पंप तोंडाला लावला. ओठ पांढरे पडले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला, मी नुसता घाबरलो.

बु सुमार्नी खाली उतरून तिच्यापाशी आल्या. "एवढा का उशीर झाला हो?"

"धुरामुळे थांबावं लागलं," ती धापा टाकत म्हणाली. "सगळे माझ्या शेजारून गेले ना... जाताना आणि येताना."

सारजोनोने नव्या गाडीवरचा हात काढून घेतला. बु सुमार्नींनी माझ्याकडून पेन मागितलं आणि अर्जावर सही केली. "अख्खी वस्ती नाही, पण एक माणूस चालतं, हे दिसलं मला."

तर मंडळी, आता दर रविवारी सकाळी तो रस्ता गाड्यांना बंद असतो! वारसिती मधोमध चालते, मोकळा श्वास घेते. आता तर अख्खी वस्ती येते हो चालायला!

येते मोटारसायकलवरून. रस्त्याच्या तोंडाशी ही दाटी! आणि ज्याने हे सगळं घडवून आणलं, तो वस्तीप्रमुख पाक तुलुस रविवारी चालत असेल असं तुम्हाला वाटतं? छे! मी तोंडात शिट्टी धरून उभा असतो. "मागे घ्या, मागे घ्या... अजून थोडं... बस!"

गाड्या लावून घ्यायला कुणीतरी नको का?