शेवंतीला मशीन, कुशाबाईला बाम

राजुरीत सयाजीइतका मायाळू माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही, हे त्याच्या बायकोला, कुशाबाईला, मान्य होतं. तक्रार एवढीच, की ती माया गोठ्यात ओसंडायची आणि घरापर्यंत येताना आटायची.

पहाटे कुशाबाईच्या उजव्या हातात मुंग्यांचं अख्खं वारूळ जागं व्हायचं. हात झटकत ती उठायची आणि त्याच बधिर बोटांनी शेवंती गाईची धार काढायची. त्यावर सयाजीने फळीवरचा बाम सुचवला होता. शेवंती गाभण आहे की नाही, एवढ्या शंकेवर मात्र त्याने बेल्ह्याहून मशीनसकट डॉक्टर बोलावला. पडद्यावरच्या करड्या ढगांत वासराचं काळीज लुकलुकलं आणि सयाजीचे डोळे भरून आले. आपल्यासाठी ते आभाळ कधी भरून आल्याचं कुशाबाईला आठवेना.

"तिला मशीन आन मला बाम," ती म्हणाली.

"अगं, मुकं जनावर ते. तिला सांगता येत न्हाई."

"मी सांगतीय, तर तुमी कुठं ऐकताय?"

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल आळेफाट्याच्या मशीनवाल्या दवाखान्यापाशी थांबली. शेवंतीशी बरोबरी झाल्याच्या तोऱ्यात कुशाबाई आत गेली. खाटेवर आडवं व्हायला सांगताच मात्र तिचा चेहरा पडला. जनावरांच्या डॉक्टरने कोपराच्या वर हातमोजा चढवून ते यंत्र शेवंतीच्या कुठून आत नेलं होतं, हे तिने पाहिलं होतं. तिने दोन्ही मुठींत लुगडं गच्च धरलं.

"मावशी, हात सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"न्हाई सोडायची. बामच बरा हाय."

"अहो, मनगटच बघायचंय."

मनगटावर गार जेली पसरली आणि पडद्यावर पुन्हा तेच करडे ढग दाटले.

"ही नस मनगटातल्या बोगद्यातून बोटांकडे जाते. तोंडाशी कशी फुगलीय बघा. माळशेजला रविवारी गाड्या तुंबतात ना, तसं."

"बघा," कुशाबाई सयाजीला म्हणाली, "माझं बी दिसलं."

"रात्री पट्टा बांधायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि दीड महिना धार काढायची नाही."

धारेला सयाजी बसला. शेवंतीने पान्हा चोरला, बादली उलथवली आणि शेपटीने त्याचा गाल झोडपला.

"तिला परक्याचा हात चालत न्हाई," कुशाबाई ओट्यावरून साखरेच्या आवाजात म्हणाली.

शेवटी सयाजीने बायकोचं रोजचं हिरवं लुगडं गुंडाळलं आणि डोईवर पदर घेतला. शेवंतीने पान्हा सोडला. एवढंच नव्हे, तर मान वळवून ती त्याचा खांदा चाटू लागली, सावकाश, डोळे मिटून. कुशाबाईचा जीव पिळवटला. नवऱ्याची माया गाईकडे वाहत होती, ते एक वेळ ठीक. आता गाईचीही त्याच्याकडे वळली होती, आणि मधल्या कोरड्या वाळूत ती एकटी उभी होती.

"मला कधी चाटलं न्हाई तिनं."

"तू कधी गोड बोललीस तिच्याशी?" सयाजीने पदर सावरत विचारलं.

दुसऱ्या पहाटे कुशाबाईने पट्टा सोडला, हिरवं सयाजीकडे असल्याने निळं लुगडं नेसली आणि पावलं न वाजवता गोठ्यात शिरली. "शेवंते, माझे बाय," असं जमेल तितकं गोड म्हणत तिने कासेला हात लावला.

बादली एकीकडे गेली, कुशाबाई शेणात बसली.

दारात हिरव्या लुगड्यातला सयाजी उभा होता.

"तिला परक्याचा हात चालत न्हाई गं," तो अतीव मायेने म्हणाला, आणि बाम आणायला वळला.