टिकाऊ पाहुणा

मांद्र्याच्या सगुणबाबांच्या घरातून एखादा पाहुणा दोन्ही चपला घालून, ठरल्या वेळी बाहेर पडला, असं त्या वाड्यावर कोणी पाहिलेलं नाही. एक चप्पल पायरीवर असायची. दुसरी नसायची. पाहुणा बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून इकडेतिकडे बघायचा, आणि सगुणबाब खांबाला टेकून जगातल्या सगळ्यात निरागस चेहऱ्यानं विचारायचे, "घाय कित्याक? दर्या खंय धांवून वता?"

घाई कशाला, समुद्र कुठं पळून चाललाय?

समुद्र नव्हता पळत, पण बस पळायची. बस चुकली की शिवोलीची फेरीबोट चुकायची आणि फेरीबोट चुकली की दाबोळीचं विमान. एवढ्या सगळ्या दळणवळणाला सगुणबाब एका चपलेनं वेठीला धरत. ती चप्पल कधी भाताच्या कणगीत असे, कधी फणसाच्या बेचक्यात, कधी पालथ्या घमेल्याखाली. तुळशीकडे मात्र कधीच नाही, तेवढा धर्म ते पाळायचे. पाहुणा जेवला, हात पुसले, ढेकर दिली, की चप्पल आपोआप पायरीवर उगवायची.

मी एकदा विचारलं, "सगुणबाब, एकच का लपवता?"

"दोनय लिपयल्यो जाल्यार ती चोरी," ते म्हणाले. "एक लिपयली जाल्यार माया."

त्यांच्या आईची शिकवण होती ती. घरातून न जेवता गेलेला पाहुणा परत येत नाही. म्हणून निघायच्या दिवशीचं जेवण महत्त्वाचं. बाकीच्या दिवशी तुम्ही बाहेर पाव-भाजी खा नाहीतर उपाशी राहा, सगुणबाब विचारणार नाहीत. निघायच्या दिवशी मात्र नुस्त्याची, म्हणजे माशांची, कढी, भात आणि सोलकढी पोटात गेल्याशिवाय सुटका नाही.

त्यांच्या घरी मी कसा पोचलो, ती माझ्या फजितीची कथा आहे. गोव्याला राज्याचा दर्जा मिळून थोडी वर्षं झाली होती. किनाऱ्यावर जो तो दोन खोल्या काढून पर्यटक ठेवत होता. मी डिचोलीचा. आमच्या गावात पर्यटन म्हणजे खनिजाचे ट्रक बघणं. अशा माणसानं विद्यापीठाच्या पदवीसाठी 'शाश्वत पर्यटन आणि आतिथ्याचा विकास' हा विषय घ्यावा, यातच माझी अक्कल दिसते. प्रबंध इंग्रजीत लिहायचा, प्रश्न मराठीत विचारायचे आणि उत्तरं कोकणीत यायची. म्हणजे एकाच वेळी तीन भाषांत चुकायची सोय झाली होती.

'शाश्वत' हा शब्द मला फार कीर्तनी वाटला. लोकांना समजावा म्हणून मी तो बदलून 'टिकाऊ' केला आणि पुढं हात घसरून 'पर्यटन'च्या जागी 'पाहुणा' लिहिलं. मग ती छापील प्रश्नावली घेऊन मांद्र्यात दारोदार हिंडलो आणि गंभीरपणे विचारत सुटलो, "आपल्याकडे टिकाऊ पाहुणा आहे का?"

सगुणबाबांच्या शेजारी रुक्मिणीबायचं चहाचं दुकान होतं. तिनं उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. "आसा मरे! आमचो जांवय. चवथीक आयलो तो आजून आसा." आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडली, "ए जांवयबापू! तुमका सरकारान सोदून काडले!"

पुढच्या दारी सगुणबाब होते. त्यांनी मात्र तो प्रश्न दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"टिकाऊ पाहुणो," ते हळूच म्हणाले. "मास्तर, तसलो मेळटा खंय, तें तुजे पुस्तकांत आसा?"

मी मास्तर नव्हतो, पण हातात कागद असलेल्या माणसाला ते मास्तरच म्हणत. मी म्हटलं, तेच शोधायला आलोय. "मग राव हांगाच," ते म्हणाले आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत मुक्कामाला राहिलो. बायको जाऊन पुष्कळ दिवस झाले होते. घरात ते एकटे. पुढच्या खोलीत पर्यटक आणि मागच्या खोलीत आता संशोधन.

सगुणबाबांच्या सवयी मी शास्त्रीय पद्धतीनं टिपायला लागलो. ते पाहुण्याच्या खोलीची जनेलं स्वतः उघडत, कारण वारा कुठून येतो हे परक्याला ठाऊक नसतं. पाववाल्या पोदेराकडून पाव घेताना आधी पाहुण्यासाठी गरम उंडा निवडत. एक म्हातारी इंग्लिश बाई दर हिवाळ्यात यायची. ती चपला उशाखाली घेऊन झोपायची, तरी निघायच्या दिवशी एक नसायचीच. ती हसत पानावर बसायची. आणि सगुणबाब स्वतः कायम अनवाणी असत. वाळूत, रस्त्यावर, देवळात, बाजारात, सगळीकडे. उन्हाळ्यात डांबर वितळलं तरी तसेच.

हे अनवाणीपण बघून मला स्फुरण चढलं. 'यजमानाचं भूमीशी असलेलं थेट नातं' असा एक लांबलचक परिच्छेद मी प्रबंधात ठोकून दिला. आमचे सर तो वाचून म्हणाले, "वा! हेच हवं." मी आठवडाभर छाती काढून चाललो.

मग तो दाढीवाला जर्मन आला. निघायच्या दिवशी त्याची सँडल गेली, त्याच्यामागून बस, फेरी आणि विमान गेलं. त्याला मायेचं तत्त्वज्ञान इंग्रजीत समजावायला मला पुढं केलं. मी काय बोललो कोण जाणे, त्याला वाटलं आम्ही सँडल सोडवायचे पैसे मागतोय. त्यानं पणजीला पर्यटन खात्यात जाऊन तक्रार केली. तिथून एक साहेब आले. माणूस भला होता, पण बोलला ते स्पष्ट. पुन्हा अशी एक जरी तक्रार आली तरी पाहुणे ठेवायचा परवाना रद्द.

"म्हणजे कोणूच येवचो ना?" सगुणबाबांनी विचारलं.

"कोणूच ना," साहेब म्हणाले.

त्याच संध्याकाळी सगुणबाब रवळनाथाच्या देवळात गेले आणि यापुढं कुणाच्या चपलेला हात लावणार नाही, अशी आण घेऊन आले.

दुसऱ्याच दिवशी एक जोडपं सकाळी उठलं, दोन्ही चपला घातल्या, हात हलवला आणि निघून गेलं. चुलीवर कढी होती. सगुणबाब बल्कांवात उभे होते आणि त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. कधी पाठीशी बांधत, कधी सदऱ्याच्या खिशात घालत. मग आत जाऊन त्यांनी कढी खाली उतरवली. आम्ही दोघं जेवलो. "तिखट जाली," ते म्हणाले. झाली नव्हती.

पुढच्या आठवड्यात आणखी दोन पाहुणे असेच गेले.

मला वाटलं, माणसाला जरा आनंद द्यावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी त्यांच्यासाठी चामड्याचा नवा जोड आणला. जोड पायांपाशी ठेवला तर ते दचकून मागं सरले.

"नव्यो कित्याक? म्हज्यो आसात मरे."

"कुठं आहेत?"

"बाहरीनाक."

मला वाटलं, बाहरीन हा इथल्याच पेडणे तालुक्यातला एखादा वाडा असेल. माझा भूगोल तेवढाच. "मग जाऊन घेऊन येऊ की," मी म्हणालो. ते कळशी उचलून विहिरीकडे गेले.

रुक्मिणीबायनं माझ्यापुढं चहाचा कोप आदळला. "मास्तर, तुका शिकयलो कोणें रे?" मग आवाज उतरवून तिनं सांगितलं. सगुणबाबांचा एकुलता मुलगा प्रसाद आखातात, बाहरीनला, नोकरीवर गेला, त्या दिवशी बाहेर टॅक्सी हॉर्न वाजवत होती. आत पान वाढलेलं होतं. आणि प्रसादचा एक बूट कणगीत होता. पोरगं शोधशोधून रडकुंडीला आलं, मग रागावलं, मग वाड्यादेखत बापाला नको ते बोललं. शेवटी पायरीवरच्या बापाच्याच चपला पायांत सरकवून टॅक्सीत बसलं ते बसलंच. रुक्मिणीबायच्या दुकानातल्या फोनवर अधूनमधून त्याचा फोन येतो. नाताळाला येतो म्हणतो. कुठल्या नाताळाला, ते सांगत नाही.

"व्हाणांचें कांय ना रे ताका," ती म्हणाली. "चलो जेवंक ना, तें." चपलांचं काही नाही, पोरगं न जेवता गेलं, ते.

नवा जोड सगुणबाबांनी खुंटीला टांगून ठेवला होता. मी खोलीत जाऊन भूमीशी असलेल्या थेट नात्याचा परिच्छेद खोडला. त्या जागी दुसरं काय लिहावं ते सुचेना. प्रबंधात ती जागा कोरी राहिली. सरांना वाटलं, छपाईची चूक.

माझा निघायचा दिवस आला. डिचोलीला घरी कार्य होतं, बस दुपारच्या आधीची होती. बल्कांवात आलो तर पायरीवर माझ्या दोन्ही चपला. धुतलेल्या, तेलाचा हात फिरवलेल्या, रस्त्याकडे तोंड करून शेजारी शेजारी ठेवलेल्या. इतक्या आज्ञाधारक चपला मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. सगुणबाब खांबापाशी उभे होते, हात पाठीशी. आतून कढीचा वास येत होता, पण ते जेवायला म्हणाले नाहीत. आण घेतलेला माणूस.

"यो हां," ये पुन्हा, एवढंच ते म्हणाले.

मी म्हटलं, "सगुणबाब, जरा पाणी द्याल?"

ते आत वळले, तशी मी एक चप्पल उचलली आणि अंगणापलीकडच्या झुडपात भिरकावली. निदान बेत तरी तसा होता. लहानपणापासून माझा नेम कसा आहे हे डिचोलीत विचारा. चप्पल झुडपावरून गेली, विहिरीच्या काठाला आपटली आणि आत पडली. डुबुक असा आवाज आला.

सगुणबाब तांब्या घेऊन बाहेर आले. मी एका पायावर उभा.

"सगुणबाब, माझी एक व्हाण दिसत नाही."

त्यांनी पायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "रवळनाथाची आण, हांवें हात लावंक ना!"

"मग कोणी नेली?"

ते विहिरीकडे बघत राहिले. पाण्यावर अजून तरंग असावेत. म्हणाले, "सुण्यान व्हेली आसतली." कुत्र्यानं नेली असेल. मग घसा खाकरून, "घाय कित्याक? दर्या खंय धांवून वता? जेवून वच."

बस हॉर्न देत गेली ती मी दुसऱ्यांदा भात घेत असताना. सगुणबाब समोर बसून वाढत होते. स्वतः जेवायचं त्यांना सुचलंच नाही.

हात धुऊन बाहेर आलो तर पायरीवर म्हापशाचा तो नवा जोड ठेवलेला. माझ्या पायांना तो दोन बोटं मोठा होता.

"घालून वच," ते म्हणाले. "पूण परत हाड हां." घालून जा, पण परत आणून दे.

मी फटाक फटाक वाजवत रस्त्यापर्यंत गेलो. मागं रुक्मिणीबाय विचारत होती, "सगुणबाब, मास्तर तुमच्यो व्हाणो घेवन गेलो?"

"गेलो तो परत येतलो," सगुणबाबांचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी तसा मोठा. "आतां म्हजे दोन जोड भायर आसात!"