वाटेकरी कळ अडली आणि श्रीमंत शरमले, त्याची बखर

अग्नी आणि उदक यांस एके पेटीत नांदविणाऱ्या कारागिरास दंडवत घालोन लिहिणे ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, पौषमासी, सातासमुद्रापलीकडील एका शीत मुलखात श्रीमंत निनादराव आपली दौलत राखोन होते. दौलत म्हणजे वरती दोन दालने, खाली दोन, आणि मुदपाकखान्यात भिंतीस टांगिलेला एक जुना बॉयलर. तो घराबरोबरच पदरी पडला होता, आणि पदरी पडले ते पवित्र म्हणोन चालिले होते. त्याची चाकरी दुहेरी. लोखंडी रेडिएटरांत ऊन पाणी फिरवोन दालने तापवावी, आणि न्हाणीचा नळ सुटला की तेच ऊन न्हाणीकडे लावावे. दो वाटांचे मध्ये एक पितळी कळ, तीस तिकडे डायव्हर्टर व्हॉल्व्ह म्हणती, आम्ही वाटेकरी कळ म्हणू. नळ सुटता कळेची खिळी बाहेर यावी, नळ मिटता आत बसावी. न्हाणीचा मान पहिला, दालनांचा मागाहून, ऐसा त्या यंत्राचा कायदा.

त्या साली श्रीमंतांस कन्यारत्न जाहले. राणीसाहेब केतकीबाई यांस माहेरी जाणे घडले नाही, म्हणोन माहेरच विमानात बसोन चालोन आले, म्हणजे मातुश्री कुमुदिनीबाई, श्रीमंतांच्या सासूबाई, बाळंतपणास आल्या. आणि धुरी द्यावी म्हणोन शेगडी पेटविली, तो छतास लाविलेली, धूर हुंगणारी घंटी कोकलली, म्हणोन धुरी राहिली. परंतु न्हाणे राहिले नाही. मातुश्रींनी पाय पसरोन त्यांवर बाळास निजवावे, तेल जिरवावे, ऊन पाण्याने न्हाऊ घालावे, मग लेकीचे अंग रगडावे, तीसही सचैल न्हाऊ घालावे, आणि मग आपण उरकावे. घरात आनंदी आनंद होता.

तो एके दिवशी रेडिएटर गार पडिले. नळास पाणी कढत, दालने मात्र बर्फ. बाळाचे नाक लाल जाहले आणि श्रीमंतांचा जीव उडाला. लेकराच्या काळजीने माणूस तर्कट होते, त्यात श्रीमंतांस अर्धे ज्ञान, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे हा तर त्यांचा स्वभावच. त्यांनी विचार केला की, न्हाणीचा मान पहिला, न्हाणे लांबते, म्हणोन ऊन तिकडेच संपते. मग हुकूम जाहला की, आजपासोन माणशी एक बादली. मातुश्री बरे म्हणाल्या. जावयाच्या घरी उलट बोलणे त्यांच्या रीतीत नव्हते. आपली बादली त्यांनी लेकीच्या न्हाण्यात घातली आणि आपण गार पाण्याने अंग धुवों लागल्या, आणि हे कोणास कळो दिले नाही.

तरी दालने तापेनात. कारागिरास सांगोन पाठविले, तो म्हणाला पुढील आठवड्याखेरीज येणे होत नाही. मग श्रीमंतांच्या मनात किल्मिष आले आणि जेवणाचे वेळी, मातुश्री भात वाढीत असता, श्रीमंत त्यांस बोलिले, “आई, लपून नळ सोडत जाऊ नका. सांगून घेतलंत तर मी काही नाही म्हणणार नाही.”

मातुश्रींनी भातवाढी खाली ठेविली, तोंडावर काही दिसो दिले नाही, आणि बरे म्हणाल्या. केतकीबाईंनी पान तसेच सारिले. लिहिणाराची लेखणीही येथे अडखळते, काय म्हणावे ऐशा जावयास!

दुसरे दिवशी श्रीमंतांनी आपला मुद्दा सिद्ध करावा म्हणोन स्वतःच मोहीम काढिली. वीज तोडिली, पाण्याच्या चाव्या आवळिल्या, झाकण उतरिले, केतकीबाईंस बॅटरी धरावयास उभे केले आणि वाटेकरी कळेपाशी हात घातला. पाहतात तो खिळी बाहेर येऊन तेथेच रुतलेली, आणि तिजभोवती शेंदुराचा थर, तेलात कालविलेला, उष्णतेने भाजोन लाखेगत टणक जाहलेला. नळ मिटला तरी खिळी आत जाईना, म्हणोन सारे ऊन न्हाणीच्याच वाटेस अडकले होते. आता हा शेंदूर कोठला? तर दर खंडेनवमीस श्रीमंत यंत्रपूजा करीत. वरल्या पत्र्यास टिळा लाविला तर पूजा आतल्या देवास पावत नाही, ऐसे त्यांचे मत, म्हणोन झाकण उघडोन, हीच यंत्राची नाभी समजोन, त्या खिळीसच शेंदूर लावीत. यंदा तर बाळ येणार म्हणोन हात सढळ जाहला होता.

केतकीबाईंनी बॅटरीचा उजेड हलविला नाही. म्हणाल्या, “आई चार दिवस गार पाण्यानं अंघोळ करते आहे. आज सकाळी तिचे हात धरले तेव्हा कळलं मला.”

श्रीमंतांच्या तोंडचे पाणी पळाले. ऐसे वाटले की धरणी दुभंगेल तर बरे. त्यांनी थर खरवडिला, खिळी पुसोन साफ केली, ती खट्दिशी आत बसली, आणि सर्व पूर्ववत जोडोन बॉयलर चालू केला. रेडिएटर कुरकुरोन तापों लागिले. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते जाहले, आणि श्रीमंतांस आनंद म्हणोन जाहला नाही.

मग मातुश्री लाडवांसाठी डिंक तळीत होत्या तेथे जाऊन उभे राहिले आणि मान खाली घालोन बोलिले, “आई, तुमची काही चूक नव्हती. माझ्याच हातानं बिघडलं होतं. मी बोललो ते फार वाईट बोललो.”

मातुश्रींनी घाईने गॅस बारीक केला. जावयाने मान खाली घालावी हेच त्यांस लाजिरवाणे. म्हणाल्या, “अहो, असं काय बोलता? पोरीची खोली तापली ना, मग झालं तर.” श्रीमंतांनी विनविले की आता हवे तितके ऊन पाणी घ्यावे. मातुश्री हसोन हो म्हणाल्या. त्या हसण्यात राग नव्हता, तो असता तर श्रीमंतांस सोसला असता.

आणि दुसरे दिवशी प्रातःकाळी मातुश्री खांद्यावर पंचा टाकोन श्रीमंतांच्या दालनाशी आल्या, दार किंचित लोटिले, आणि साध्या आवाजात पुसिले, “निनादराव, नळ सोडू का?”

श्रीमंतांनी हात जोडिले, पुसो नका म्हणाले, लेकीनेही समजाविले. मातुश्री बरे म्हणाल्या. तिसरे दिवशी पुन्हा पुसिले. मग बारसे जाहले, थंडी ओसरली, मातुश्रींच्या निघण्याचा दिवस उगवला, आणि त्या दिवशीही पुसोनच न्हाल्या.

येणेप्रमाणे वाटेकरी कळ सुधारली आणि दालने तापली. श्रीमंत त्या दालनांत अद्याप मान वर करोन बसत नाहीत. हकीगत इतकीच.